चांदीच्या पत्र्यामागचा आवाज

४ मार्च, शोवा ४३ (१९६८)

घसा तसाच. डॉक्टर म्हणाले, "साधी गाठ आहे. नऊ एप्रिलला काढून टाकू. मग थोडे दिवस बोलायचं नाही." बायको फुसाए म्हणाली, "बरं झालं! घरात जरा शांतता." परवा ती बहिणीकडे जाऊन आली, पण मुळ्याचं लोणचं आणलं नाही. विसरली म्हणे. बहीण कधी रिकाम्या हातानं पाठवत नाही — जाऊ दे.

७ मार्च

पुन्हा परग्रहवासीचीच भूमिका! तिसरा चित्रपट. या खेपेस बढती — सेनापती. दोन अजस्र प्राणी ताब्यात ठेवायचे, त्यांच्याकडून तोक्यो तुडवून घ्यायचं आणि माणसांना म्हणायचं, शरण या. एके काळी रंगभूमीवर राजे केले. आता अंगात रबरी पोशाख, तोंडावर चांदीच्या रंगाचा पत्रा. गल्लीतली पोरं मला पाहून हात वर करतात — "शरण आलो!"

११ मार्च

डॉक्टर खोटं बोलतात. चाळीस वर्षं नट आहे, वाईट अभिनय ओळखतो. ते हात धुवायला उठले तेव्हा टेबलावरचा कागद उलटा वाचला. कर्करोग. स्वरयंत्र पूर्ण काढणे.

त्यांच्यावर राग नाही. रोग्याला सांगायचं नाही, घरच्यांना सांगायचं — रीतच आहे. वडिलांपासून आम्हीही लपवलं होतं. पण फुसाएला सांगितलेलं नाही, नक्की. तिच्या पोटात काही राहत नाही. साप्पोरोला मुलाला कळवलं असेल. मीही तिला सांगणार नाही. ठरलं.

१२ मार्च

आवाज जाणार. भीती वाटते.

१५ मार्च

आमच्याकडे चित्रण आधी, आवाज शेवटी. म्हणजे मे महिन्यात. तेव्हा माझ्याकडे आवाज कुठला? सेनापती दुसऱ्याच्या गळ्यातून बोलणार, या विचारानं जेवण गेलं नव्हतं. आज दिग्दर्शक इगाराशी आपण होऊन म्हणाले, "तोकुमारूसान, तुमचे ओठ पत्र्यामागे. दिसतात कुणाला? आवाज याच महिन्यात उरकून टाकू." नशीब!

२६ मार्च

ध्वनिमुद्रण झालं. ध्वनिमुद्रक नेझू माझा आवाज यंत्रातून काढतो — डब्यात कोंडलेल्या मधमाश्यांसारखा येतो. सेनापती मरताना म्हणतो, "आमचं घर जळालं, म्हणून तुमचं मागायला आलो." म्हणताना मला तोक्योच्या होंजो भागातली आमची गल्ली दिसली, युद्धात शोवा वीस सालच्या बॉम्बहल्ल्यानंतरची. म्हटलं, एवढं वाक्य तरी यंत्राशिवाय ठेवा. इगाराशी म्हणाले, "तो माणसासारखा बोलला तर प्रेक्षक आपल्या सैन्याची बाजू घेतील का?"

बरोबर आहे त्यांचं. तरी वाईट वाटलं. माझं शेवटचं बोलणं, आणि ते माझं म्हणून कुणी ओळखणार नाही.

८ एप्रिल

उद्या. फुसाएला विचारलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, "तुमच्याबरोबरच नाही का जेवले!"

२ मे

नेझू घरी आला. टेप आणि ती लावायचं मशीन घेऊन. त्या दिवशीचा माझा सगळा आवाज — यंत्रात घालण्याआधीचा! पाटीवर लिहिलं: कुणी सांगितलं?

तो खाली बघत म्हणाला, "वहिनींनी. दोन मार्चला स्टुडिओत आल्या होत्या. इगाराशींपुढे जमिनीला डोकं टेकवलं — ‘यांचा आवाज आधी घ्या आणि खरा माझ्यासाठी ठेवा,’ म्हणाल्या. तुम्हाला कळू द्यायचं नाही, असंही."

दोन मार्च. बहिणीकडे गेली होती म्हणे. लोणचं!

५ मे

फुसाए रोज टेप लावते. सेनापतीच्या धमक्या ऐकत नाही, पुढे सरकवते. अगदी शेवटी, मुद्रणाचा लाल दिवा विझल्यावर, मी नेझूला म्हणालोय, "घरी फोन करा हो. उशीर होईल, सूप गरम ठेव म्हणावं." तेवढंच ऐकते. मग उठून सूप गरम करते.