सुटलेला झेल

ताईस सप्रेम नमस्कार,

आईचं औषध वेळेवर चालू आहे ना? बाबांचा गुडघा कसा आहे? माझी बेकरीतली नोकरी अजून टिकून आहे, हे त्यांना आधी सांग.

आमच्या रविवारच्या बेसबॉल टीमवर एक बाई पदरमोड करून सिनेमा काढतायत. काल शेवटचा सीन होता. झेल सुटतो आणि सामना जातो. झेल सोडायला अर्थातच मला निवडलं. आजपासून मैदान खणायला घेणार होते, म्हणजे जे काय व्हायचं ते कालच.

पहिला चेंडू मी पकडला. दुसराही. ग्लव्ह आपोआप मिटत होता. मग मुद्दाम सोडला, तर बाई म्हणाल्या, "खोटं दिसतंय." उजेड उतरत चालला होता. कॅप्टन ओरडला, "अरे, एरवी सगळे सोडतोस, आजच काय अंगात आलंय?" कुणी हसलं नाही.

"आता हा शेवटचा," बाई म्हणाल्या.

चेंडू वर गेला आणि मी सिनेमा विसरलो. बाबा म्हणतात ना, याच्या हातात काही टिकत नाही. हा पकडायचाच, एवढंच मनात होतं. जीव खाऊन धावलो. चेंडू ग्लव्हला लागून सुटला.

बाईंनी मला मिठीच मारली. सगळे टाळ्या वाजवत होते. मला मात्र तो चेंडू उचलावासा वाटेना.

सिनेमा आला की बाबांना दाखव. त्याने मुद्दाम सोडला, असं सांग.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
तुझा धाकटा