खालच्या तुकड्याचा अहवाल

बडोदे,
दि. १४ नोव्हेंबर २००२

चि. समरजित यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे घर सोडून आठ दिवस झाले. पोहोचल्याचे पत्र लगेच टाकायला हवे होते. परंतु पोच आणि निर्णय यांसाठी दोन वेगळी पत्रे लिहिणे मला पसंत नव्हते. भक्तीने दिलेला फराळ पोहोचला. करंज्यांचे सारण उत्तम, पारी जरा जाड.

आबांची प्रकृती ठीक आहे. सकाळी कमाटीबागेपर्यंत चालत जातात, येताना रिक्षा करतात आणि दोन्ही वेळा चालत गेल्याचे सांगतात. त्यांचा जुना थर्मास गळू लागल्याने मी नवा आणला. तो त्यांना पसंत नाही. तीस वर्षे मकरपुऱ्याच्या कंपनी बसमध्ये मांडीवर बाळगलेली वस्तू माणूस सहजी सोडत नाही, हे मला मान्य आहे. पण दिवसातून दोनदा चर्चा व्हावी इतका तो विषय मोठा नाही.

आता मूळ मुद्दा. भाऊबीजेला मी ओवाळल्यावर तू आईच्या चांदीच्या तबकात तुझ्या पहिल्या वाइनची बाटली ठेवलीस आणि लगेच बूच काढायला निघालास. मी हात धरला, त्याचा तुला राग आला. चकलीच्या तिखटाने मळलेली जीभ, खोलीभर निरांजनाच्या तुपाचा वास आणि हातात पाणी प्यायचे पेले, अशा अवस्थेत मी कोणाच्याही वर्षभराच्या कष्टांवर मत देत नाही. फ्रान्समध्ये माँपेलियेला वाइन शिकत होते, त्या तीन महिन्यांत आमचे गुरुजी परफ्यूम लावून आलेल्या विद्यार्थ्याला सरळ घरी पाठवीत. तेव्हा मला ते कठोर वाटे. आता वाटत नाही.

बाटली तू दिलीस तशीच, पदराखाली धरून आणली. चार दिवस थंड जागी स्थिर ठेवली. रविवारी सकाळी अकरा वाजता, उपाशीपोटी, तिकडून आणलेल्या माझ्या पेल्यात ती पाहिली, हुंगली, चाखली. दोन पानी अहवाल सोबत जोडला आहे. सारांश इतकाच की वाइन सदोष आहे. फळाचा गंध शिजल्यासारखा आहे, कडेला विटकरी रंग उतरला आहे, शेवटी सुंठीसारखी उग्र आणि धातूसारखी चव मागे राहते. हे सारे आठ महिन्यांच्या वाइनमध्ये दिसावे, याचा अर्थ खालच्या तुकड्याच्या जमिनीत शिराझचे वाण बसलेले नाही. टाकीतला माल बाटल्यांत भरून त्यावर आपले नाव घालू नकोस.

तू विचारले होतेस की इथे राहून मी सराव कसा ठेवते. फडताळात बेचाळीस लहान बाटल्या आहेत. लवंग, मिरे, तुतीचा पाला, ओली माती, जुने चामडे, सुकवलेली जांभळे. रोज पहाटे डोळे मिटून कोणतीही दहा ओळखायची. आबा आल्यागेल्याला सांगतात की ती होमिओपॅथीची औषधे आहेत. इथे गुजरातेत दारूबंदी असली तरी परवाना मिळू शकतो, पण त्यासाठी मद्य प्रकृतीसाठी आवश्यक आहे असा कागद करावा लागतो. माझी प्रकृती उत्तम आहे. खोट्या कागदावर मी सही करत नाही.

वाईट वाटून घेऊ नकोस. पहिल्या वर्षीच दोष कळला, हे भाग्य समज.

तुझी,
आक्का
(डॉ. वसुंधरा पिलाजीराव शिर्के)


बडोदे,
दि. २४ सप्टेंबर २००३

चि. समरजित यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र शनिवारी मिळाले. आबा बरे आहेत. जूनमध्ये पडल्यापासून काठी लागते, आणि ती कुठे ठेवली हे मला विचारणे हा त्यांचा दिवसभराचा उद्योग झाला आहे. रात्री एकटे राहायला ते तयार नाहीत. शेजारच्या इंदिराबाई गेल्या दिवाळीला त्यांच्यासोबत राहिल्या, तशा आता राहू शकत नाहीत; त्यांचाच गुडघा धरला आहे. परवा घट बसतील. मैदानावर गरब्याचे भोंगे बांधून झाले आहेत आणि चाचणी म्हणून दुपारपासून एकच ओळ वाजते आहे.

विद्यापीठात नवे सत्र सुरू झाले. या वर्षीच्या विद्यार्थिनी बऱ्या आहेत, म्हणजे चूक दाखवल्यावर रडत नाहीत. परवा खंडेराव मार्केटात पेरू घेताना सवयीने एकेक नाकाशी धरत होते, तर भाजीवाला म्हणाला, "बेन, सूंघवाना पैसा नथी लेतो, पण लेवानुं छे के नहीं?" वास घेण्याचे पैसे त्याने घेतले नाहीत. माझ्या विद्येला या शहरात मिळालेली तेवढीच सवलत.

हे सारे मी फोनवर सांगू शकले असते. दोनदा तुझा नंबर फिरवला, दोन्ही वेळा तू उचललास आणि दोन्ही वेळा मी आबांच्या काठीविषयी बोलले. म्हणून हे पत्र.

तू लिहितोस, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर सांगितला आहे. छाटणीआधी खालचा तुकडा उपटून तिथे खायची द्राक्षे लावणार. पुढे तू एक वाक्य लिहिले आहेस, ते मी तुझ्याच शब्दांत उतरवते: "खरं सांगू, मला ती वाइन चांगली लागली होती. म्हणजे माझीच जीभ कच्ची. तू होतीस म्हणून वाचलो." गेल्या चार दिवसांत हे वाक्य मी किती वेळा वाचले, ते सांगत नाही.

भक्ती गौरींना इथे आली होती, तेव्हाची एक गोष्ट तिने तुला सांगितलेली नाही. मी सांगेन म्हणून ती थांबली आहे. तीन आठवडे थांबली आहे.

गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आबा झोपले होते. भक्तीने ट्रंकेतून तिचा लग्नाचा शालू काढला आणि त्यातून एक बाटली. लेबल नव्हते.

"ही कशी आणलीस? नाक्यावर तपासतात."

"माझा शालू कोण उलगडतंय, वन्सं? तुम्ही पेला काढा. कुणाची आहे ते विचारू नका, कशी आहे तेवढं सांगा."

मी पेला काढला. सकाळी अकराची वेळ नव्हती, पोट पुरणाने भरलेले होते, तरीही काढला. कारण, समर, दहा महिन्यांत माझ्या ओठांना एक थेंब लागलेला नव्हता, आणि बेचाळीस बाटल्यांमध्ये वाइन कुठेच नसते.

जांभूळ होते. मागे मिरे, त्याच्याही मागे पहिल्या पाटाच्या पाण्याने भिजलेली काळी माती. कुठेही घाई नव्हती. वीसपैकी सतरा गुण मी आयुष्यात तीनदा दिले आहेत, हे चौथ्यांदा. भक्तीला म्हटले, "या माणसाला कळतं. समरने याच्याकडे सहा महिने उमेदवारी करावी."

"सांगते त्यांना. दोष काही?"

"एकही नाही."

"लिहून द्याल?"

मी लिहून दिले. खाली सही केली. तिने कागदाची घडी घातली आणि मुठीतले बूच माझ्यासमोर ठेवले. त्यावर तुझ्या अक्षरात बॉलपेनने लिहिले होते, 'खालचा, २००२'.

"यांनी नमुना म्हणून भरलेल्यांतल्या सहा बाटल्या मी आधीच काढून ठेवल्या होत्या," ती म्हणाली. "टाकी सिरका करणाऱ्याच्या टँकरमध्ये रिकामी होताना हे घराकडे पाठ करून उभे होते. तुमचा कागद मला कळला नाही, वन्सं. शिकलेली नाही तेवढी. पण चव कळली होती. मग तुम्हाला ती तशी कशी लागली?"

मी म्हणाले, "बाटल्याबाटल्यांत फरक पडतो."

"असं," ती म्हणाली, आणि पेला विसळायला घेऊन गेली.

बाटल्याबाटल्यांत फरक पडतो, हे शास्त्र खरे आहे. पण मी बाटलीतून चाखलीच नव्हती.

त्या भाऊबीजेनंतर तू मला वणीच्या स्टँडवर सोडून परत गेलास. सापुताऱ्याकडची बस तासभर उशिरा होती. बाकावर शेजारी दोन बायका बोलत होत्या. आदल्या दिवशी नाक्यावर एका मास्तरांना खाली उतरवले, पिशवीत पाव बाटली सापडली, सगळी बस बघत होती. माझ्या डोळ्यांपुढे ती बस आली. पिशवी उपसणारा हवालदार आला. त्याने माझे नाव विचारले, हुद्दा विचारला. दुसऱ्या दिवशीची स्टाफरूमही आली. मी उठले आणि बायकांच्या मोरीशेजारच्या नळाशी गेले. प्रवासात चहाला म्हणून आबांचा थर्मास बरोबर नेला होता, त्यातला चहा ओतून दिला, तो तीनदा विसळला आणि तुझी वाइन त्यात ओतली. थोडी हातावरून सांडली. रिकामी बाटली नळामागे ठेवली. बूच मात्र घरी आणले. ते आजही माझ्या खणात आहे.

नाक्यावर कोणी माझ्या पिशवीला हातही लावला नाही.

अर्ध्या भरलेल्या थर्मासात ती दहा तास हिंदकळली, घरी चार दिवस तशीच राहिली. हवा आणि वाइन यांचे काय होते, हे मी अठरा वर्षे फळ्यावर लिहून शिकवते आहे. झाकणाच्या रबरात तीस वर्षांचा सुंठीचा चहा मुरला आहे, हे कळायला तर पदवीही लागत नाही. रविवारी सकाळी अकरा वाजता, उपाशीपोटी, योग्य पेल्यात, मी आबांच्या थर्मासाची चव घेतली आणि तिच्यावरून तुझ्या जमिनीचा निकाल लिहिला.

त्या वेळी कळले नव्हते, असे म्हणता आले असते. मी तसे म्हणत नाही. पहिल्या घोटाला सुंठ ओळखू आली होती. ती कुठून आली असेल हा प्रश्नही मनात आला होता, आणि मी तो बाजूला सारला. सारला नसता तर तो नळ, ती मोरी आणि पिशवीतला थर्मास हे सर्व तुला सांगावे लागले असते. त्यातून आणखी एक गोष्ट. दोष सापडला तेव्हा मला बरे वाटले. माँपेलियेच्या गुरुजींनी मला आणखी दोन वर्षे थांब म्हटले होते. त्याच महिन्यात तू रिफायनरीची नोकरी सोडून दिंडोरीला गेल्याचे आबांचे पत्र आले. ते इथे एकटे पडले, म्हणून मी परतीचे तिकीट काढले. तू मला परत बोलावले नव्हतेस. आबांनीही नाही. कोणी बोलावले नाही आणि मी आले, म्हणून रागवायला कोणी उरले नाही. तुझी वाइन वाईट असणे मला त्या सकाळी सोयीचे होते.

तरीही खात्री करून घेतली. अंदाजावर कबुली देणे माझ्या स्वभावात नाही. भक्तीच्या बाटलीतली उरलेली वाइन मी जुन्या थर्मासात ओतली. तो गळत नाही, कधीच गळत नव्हता; मी माळ्यावर टाकला होता. पिशवीत घालून मांडवीहून मकरपुऱ्याच्या शहर बसने दोन दिवस फेऱ्या मारल्या, कंडक्टर ओळखू लागेपर्यंत. नंतर दोन दिवस फडताळात ठेवली. पाचव्या दिवशी अकरा वाजता चाखली आणि गेल्या वर्षीचा अहवाल न पाहता नवा लिहिला. मग दोन्ही शेजारी ठेवले. शिजलेले फळ, विटकरी कडा, सुंठ, धातू. अकरा शब्द तेच आहेत.

आबांनी माळ्यावरून काढलेला थर्मास पाहिला. म्हणाले, "सापडला का? त्यातला चहा चहासारखा लागायचा." मी तो त्यांना परत दिला आहे.

तुझ्या दोन हजार लिटरची भरपाई मी करू शकत नाही. तुझ्या जिभेवरचा तुझा विश्वास मी घालवला, त्याची तर मुळीच नाही. पण ट्रॅक्टर अजून आलेला नाही. त्याला नको म्हणून कळव. खालचा तुकडा छाट, उपटू नकोस. धान्याच्या कोठीत, बाजरीखाली, पाच बाटल्या आहेत. एक आज उघड. पाणी प्यायच्या पेल्यात ओत, समोर चकली असेल तर चकली खा, आणि काय लागते ते भक्तीला सांग. मला कळवू नकोस. ते मत तुझेच राहू दे.

भक्तीकडे माझ्या सहीचे एक पान आहे, तुझ्याकडे दोन पाने आहेत. तिन्ही एकत्र ठेव. फाडू नकोस.

या भाऊबीजेला आबांना सोडून मला येता येणार नाही. आईचे तबक घासून ठेवीन. तू आलास तर ओवाळीन. त्यात काही घालू नकोस. मागची ओवाळणी मी वणीच्या नळाशी थर्मासात ओतली आहे.

तू अजून म्हणत असशील तर, तुझी
आक्का