कुकरवरची चिठ्ठी आणि माझ्या खिशातली

आई,

तुझ्या उद्याच्या इंग्रजीच्या परीक्षेसाठी तू घरभर चिकटवलेल्या शब्दजोड्यांत थोडी हलवाहलव केली आहे. ‘गिव्ह अ वॉर्निंग’ कुकरवरच ठेवली, त्याचा अभ्यास पक्का आहे. ‘इश्यू अ वॉर्निंग’ बाबांच्या पाठीवर होती, ते तशीच घेऊन ऑफिसला गेले. ‘इग्नोर अ वॉर्निंग’ खोव्याच्या जलेबीच्या डब्यावर लावली. काहून, ते विचारू नको. डबा रिकामा आहे, तुझ्यासाठी एवढं तर करूच शकतो. ‘हीड अ वॉर्निंग’, म्हणजे इशारा मनावर घेणं, शुगरच्या गोळ्यांवर आहे, जेवणाआधीची घे.

‘फायनल वॉर्निंग’ शोधत बसू नको. काल डॉक्टर तुला तेच म्हणाले, तेव्हापासून ती मला घरात नकोय. खिशात घालून कॉलेजला नेऊन राहिलो.

पाचला फिरायला जाऊ. चपला दाराशी काढून ठेवल्यात.

अक्षत