व्हायजरमध्ये दोष नाही

३ मार्च, सोमवार. सकाळी
आजपासून रोजनिशी. डॉक्टरांचा सल्ला: राग कागदावर काढा, माणसांवर नको, बी.पी. खाली येईल. मुळात मी शांत माणूस आहे. लोक राहू देत नाहीत.

संध्याकाळी
दंतवैद्याचं पुन्हा पत्र! हा माणूस दात कधी काढतो? सदानकदा आम्हाला पत्रं लिहीत बसलेला. म्हणे, गाडी जरा आदळली की तुमचा सनव्हायजर (काचेवरची उन्हाची झापड) आपोआप खाली पडतो आणि समोरचा रस्ता दिसेनासा होतो. आपोआप! आमच्या कंपनीच्या टेस्टिंग रूममध्ये व्हायजर टेबलावर बसवून दहा हजार वेळा उघडमीट करतात. मशीन दमतं, व्हायजर दमत नाही. आणि याच्या गाडीत तो आपोआप पडतो.
नेहमीचं उत्तर पाठवलं. 'तपासणीअंती व्हायजरमध्ये कोणताही दोष आढळला नाही. कृपया हळुवार हाताळावा.' तपासणी म्हणजे मी पत्र दोनदा वाचतो. दुसरा कुणी एकदाही वाचणार नाही. ग्राहक समाधान विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि आवाज करणारा पंखा. तरी अजून एकाही तक्रारीत दोष निघालेला नाही. हा रेकॉर्ड आहे.
संकल्प: दंतवैद्यावर चिडायचं नाही.

४ मार्च, मंगळवार
घरी येताना गतिरोधकावर माझ्या गाडीचा व्हायजर खाली आला. पडला नाही. खाली आला. फरक आहे.
गतिरोधक घालणाऱ्यांना आधी त्याच्यावरून उताणं झोपवून ओढत न्यायला हवं. एवढा उंच गतिरोधक असतो का कुठे? समोर काही दिसेना, म्हणून ब्रेक मारला. मागचा रिक्षावाला नको नको ते बोलला. मीही बोललो. इथे लिहीत नाही.

६ मार्च, गुरुवार
व्हायजर पुन्हा खाली आला. जाताना आणि येतानाही. उपाय सापडला: एक हात स्टीअरिंगवर, दुसरा व्हायजरवर. अगदी सोपं आहे. फक्त गियर बदलताना पंचाईत होते. त्यावरही उपाय: गियर बदलायचाच नाही. सेकंडमध्ये गाडी थेट ऑफिसपर्यंत येते. इंजिन थोडं रडतं. मागचे लोक हॉर्न वाजवतात, वाजवू देत. लोकांना घाईच फार.

९ मार्च, रविवार
कन्येची आनंदाची बातमी. फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये निवड झाली! घरोघरी जाऊन म्हाताऱ्या पेशंटना व्यायाम द्यायचे. गाडी क्लिनिकची. अट एकच, महिनाअखेर ड्रायव्हिंग लायसन्स हवं. परीक्षा अठराला आहे. मी लगेच जाहीर केलं, की तुला मी शिकवणार. ती गप्प बसली. आनंदाने माणसाला शब्द सुचत नाहीत.
सगळे फिरायला गेलो. पुलाच्या चढावर व्हायजर खाली आला. ही किंचाळली. हिला किंचाळायची सवयच आहे. मग विचारते, अहो, हा असा काय पडतो? मी टेबल, मशीन, दहा हजार वेळा, सगळं नीट समजावून सांगितलं. तर म्हणते, तुमच्या त्या टेबलाला खड्डा लागतो का कधी? टेबल काय रस्त्यावरून जातं?
टेस्टिंगमधलं ओ की ठो कळत नाही आणि तोंड मात्र चालू. कन्या मागे बसून हसत होती. दोघींना घरी सोडून एकटाच चक्कर मारून आलो. बी.पी. मोजलं नाही.

१२ मार्च, बुधवार
सीट पार खाली घेतली. आता व्हायजर पडला (खाली आला) तरी त्याच्या आणि स्टीअरिंगच्या मधल्या फटीतून दिसतं. पोस्टाच्या पेटीतून बघितल्यासारखं दिसतं, पण दिसतं. मान दुखते. ती उशीमुळे असणार.
शिवाय हिच्या दोरीवरचा कपड्यांचा एक चिमटा व्हायजरला लावला आहे. उत्तम बसतो. याला दुरुस्ती म्हणत नाहीत. काही लोक गाडीत देवाचा फोटो लावतात, मी चिमटा लावतो. कंपनीच्या गेटाअलीकडे काढून खिशात टाकतो. व्हायजर कंपनीचा अधिकारी चिमटा लावून आत शिरला तर वॉचमनसुद्धा हसेल.
हिचा गाऊन दोरीवरून उडून खालच्यांच्या गॅलरीत गेला. चिमटे कोण नेतं, असं मला विचारत होती. वाऱ्याला दोष दिला.

१४ मार्च, शुक्रवार
कन्येला शिकवलं. हात चांगला आहे, माझ्यावर गेली आहे. पण हट्टीपणा आईचा. म्हणते, बाबा, तुमच्याच कंपनीत व्हायजर बनतात, एक बदलून का घेत नाही?
मी विचारलं, आणि उद्या त्या दंतवैद्याने विचारलं, तुमचा चांगला होता तर का बदललात, तर काय सांगू? माझा बदलला की सगळ्यांचे बदलावे लागतील. इतक्या वर्षांची उत्तरं खोटी ठरतील. म्हणजे मीच खोटा ठरेन. तिला म्हटलं, व्हायजर चांगला आहे. तू रस्त्याकडे बघ.
ती म्हणाली, तेच तर करायचंय.
उलट उत्तर देण्यात हुशार. पेशंटशीही अशीच बोलली तर अवघड आहे.

१७ मार्च, सोमवार
ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर घरी आले होते. हिने परस्पर बोलावलेले! म्हणे, परीक्षेला आमची गाडी घेऊन जा. तळपायाची आग मस्तकात गेली. घरची गाडी दारात उभी असताना मुलीने परक्याच्या गाडीत परीक्षा द्यायची? मास्तरांना चहा न देता घालवलं. म्हणजे चहा झाला होता, पण मी दिला नाही.
कन्या म्हणाली, बरं. पण चिमटा राहू द्या, बाबा. मी हो म्हटलं. तोंडाने हो म्हणायला काय जातं.

१८ मार्च, मंगळवार. सकाळी
मस्त ऊन. गाडी धुतली. चिमटा काढला. परीक्षा घेणारा इन्स्पेक्टर चिमटा बघून काय म्हणेल? दोन मिनिटांची परीक्षा, तेवढ्यात कुठे पडतोय?

दुपारी
इन्स्पेक्टर बेअक्कल आहे. मैदान त्याहून बेअक्कल. मधोमध चढ बांधलेला. गाडी चढावर थांबवून पुन्हा पुढे न्यायची. कन्येने गाडी छान थांबवली. क्लच सोडला, गाडीने एक गचका दिला आणि व्हायजर तिच्या डोळ्यांसमोर. तिचा एक हात वर गेला, पाय क्लचवर, गाडी मागे आली आणि हद्दीसाठी ठेवलेल्या ड्रमवर आपटली. इन्स्पेक्टरने तिथेच फुली मारली.
मी कुंपणावरून ओरडलो, की ही चूक चढाची आहे. इन्स्पेक्टरने मला बाहेर काढायला सांगितलं. बाहेरच होतो, आणखी कुठे काढणार?
गाडीत बसल्यावर तिला प्रेमाने समजावलं, की क्लच जरा हळुवार हाताळायला हवा होता. ती उतरली आणि चालत घरी गेली. इतक्या उन्हात. डोकं फिरल्यासारखं वागतात आजकालची मुलं.

२० मार्च, गुरुवार
पुढची तारीख एप्रिलमध्ये. क्लिनिकवाले थांबायला तयार नाहीत. त्यांनी दुसऱ्या मुलीला घेतलं. माणुसकी म्हणून काही राहिलीच नाही! क्लिनिकला फोन करून चांगलं झापलं. त्यांनी सांगितलं, काका, आम्हालाही वाईट वाटतं. 'काका' म्हटल्यावर आणखी राग आला.
कन्या खोलीतून बाहेर येत नाही. ही माझ्याशी फक्त भाजी काय आणायची एवढंच बोलते.
संकल्प: या घरात राग धरायचा नाही. मी धरलेला नाही. त्यांनी सोडावा.

२४ मार्च, सोमवार
आज एक तक्रार आली. सुंदर तक्रार. तारीख, वेळ, चढ, गचका, पडलेला व्हायजर, नुकसान काय झालं, मागणी काय, सगळं मुद्देसूद. एकही शिवी नाही. दंतवैद्याने शिकावं. वाचताना बरं वाटत होतं, की चला, एक तरी ग्राहक शिकलेला भेटला. खाली नाव पाहिलं. आडनाव माझंच. पत्ताही माझाच.
पंखा बंद केला. पुन्हा वाचली. तपासणी पूर्ण झाली.
मग उत्तर पाठवलं. नेहमीचंच. घरातली म्हणून वेगळं उत्तर दिलं असतं तर पक्षपात झाला असता. तत्त्व म्हणजे तत्त्व. माझ्या जागी दुसरा असता तर डगमगला असता.

२६ मार्च, बुधवार
पत्र घरी आलं. पोस्टमनने सही घेऊन मलाच दिलं. मी कन्येला दिलं. तिने उभ्या उभ्याच उघडलं. मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर समोर धरला होता. हळुवार हाताळावा, हे वाक्य तिने मोठ्याने वाचलं. मग घडी घातली आणि जेवणाच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय उचलून त्याखाली सरकवली. टेबल हलायचं थांबलं. ही म्हणाली, चला, तुमच्या पत्राचा कुणाला तरी उपयोग झाला.
दोघी हसल्या. दोघी एकत्र हसल्याला बरेच दिवस झाले होते. मी मात्र जेवताना पान अर्धं टाकून उठलो. पित्त असणार.

२७ मार्च, गुरुवार
मोठ्या साहेबांनी बोलावलं. दंतवैद्याने थेट साहेबांना लिहिलं आहे! चहाडखोर. कन्येने तर माझं उत्तर जोडून लिहिलं आहे. साहेबांनी विचारलं, ही तुमची कोण? मी म्हणालो, ग्राहक.
साहेब म्हणाले, सरळ सांगा, व्हायजर पडतो की नाही?
हीच संधी. म्हणालो, साहेब, माझ्या गाडीत तोच व्हायजर आहे, रोज वापरतो. उद्या माझ्याबरोबर एक चक्कर मारा, तुम्हीच बघा. साहेब खूष. कंपनीत असा आत्मविश्वास असलेली माणसं हवीत, असं म्हणाले.
उद्या दंतवैद्याचं तोंड कायमचं बंद. कन्येलाही कळेल बाप काय चीज आहे. प्रमोशन मिळालं तर तिला नवी गाडी घेऊन देणार. आमचाच व्हायजर असलेली.

२८ मार्च, शुक्रवार. दुपारी, दवाखान्याच्या बाकावर
डाव्या हाताने लिहितो आहे. उजवं मनगट सुजलं आहे.
सुरुवात उत्तम झाली. सीट खाली नाही, चिमटा नाही, दोन्ही हात स्टीअरिंगवर. कंपनीच्या आवारात एक फेरी झाली. व्हायजर जागचा हलला नाही. मी म्हणालो, पाहा साहेब, पडतोय का? साहेब म्हणाले, अजिबात नाही. मला भरून आलं. आणि गेटाजवळच्या गतिरोधकावर तो पडला.
मला काहीच दिसेना. हात वर न्यावा तर साहेब बघणार. म्हणून हात खालीच ठेवले आणि बोलत राहिलो. पाहा साहेब, अगदी स्पष्ट दिसतंय, असं मी म्हणत असतानाच आम्ही कंपनीच्या बोर्डावर गेलो. बोर्ड मोठा आहे. 'सुरक्षितता आमची सवय.' आता 'सुरक्षि' एवढंच उभं आहे.
साहेबांचा पुढचा दात निखळला. जवळच्या दंतवैद्याकडे आणलं. दारावरची पाटी वाचली, पत्रांखालचंच नाव, आणि बाहेरच बसलो. आतून दोघांच्या बोलण्याचा आवाज येतो आहे. तोंडात कापूस असतानाही साहेब बरंच बोलतात.

संध्याकाळी
साहेबांनी फोनवरून हुकूम दिला: सगळ्या गाड्यांचे व्हायजर परत मागवा, बदलून द्या. माझा विभाग उद्यापासून दुसऱ्याकडे. मला काही दिवस विश्रांती घ्यायला सांगितलं आहे. किती दिवस ते विचारलं नाही.

२९ मार्च, शनिवार
गाडी गॅरेजमध्ये. ऑफिस नाही. मनगट रात्रभर ठणकलं. हिने चहात साखर जास्त घातली.
सकाळी कन्या खोलीतून बाहेर आली. माझा हात हातात घेतला, बोटं हलवून पाहिली, कुठे दुखतं विचारलं. मग बर्फ लावला, पट्टी बांधली, रोज कोणते व्यायाम करायचे ते दाखवलं. हळू, कुठेही घाई नाही. पेशंटकडे गेली असती तर अशीच वागली असती. हे मी आज पहिल्यांदा पाहिलं.
काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, तुझी तक्रार बरोबर होती. दोष व्हायजरचाच होता, कंपनीने मान्य केलं.
ती पट्टीचं टोक खोचत म्हणाली, नाही बाबा. व्हायजर पहिल्यापासून तसाच होता. चिमटा तुम्ही काढलात.
आणि बर्फाचं भांडं उचलून आत गेली.
मी राग यायची वाट पाहत बसलो. बराच वेळ बसलो. आला नाही.