शिरवाळ्यांचा लक्सा

बाबा, आईला घरी आणून सोडलं आणि उद्या संध्याकाळी मला पुन्हा निघायचं आहे. बॅग भरून झाली, उपसून झाली, पुन्हा भरून झाली. दुपारची जेवणं आटोपून आई आतल्या खोलीत लवंडली आहे आणि मी पडवीपासून फाटकापर्यंत फेऱ्या मारते आहे. जहाज कायमचं सोडून घरी आलात तेव्हा तुम्हीही अशाच मारायचात, आणि आई म्हणायची, ह्या माणसाला अंगणसुद्धा डेकच वाटतं. तो गुण माझ्यात उतरला आहे, एवढं आता कबूल करायला हरकत नाही. कुठेही बसले तरी वाटतं, आपण चुकीच्या जागी बसलोय. शेवटी पडवीच्या पायरीवर टेकले आणि लिहायला घेतलं, कारण लक्साबद्दल तुमच्याशी बोलल्याशिवाय मला काही चैन पडणार नाही.

१९९८ चा मे. तुम्ही जहाजावरचे कुक, वर्षातले बहुतेक महिने पाण्यावर, आणि गुडघ्यांनी दगा दिला म्हणून त्या वर्षी कायमचे घरी. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. सकाळीच तुम्ही मिरकरवाड्याच्या जेटीवरून कोलंबी आणलीत, परसातला गवती चहा कापलात आणि आईला म्हणालात, शिरवाळ्यांचा साचा काढ. आई खूश. कित्येक वर्षांत तुम्ही आपणहून शिरवाळे मागितले नव्हते. तांदळाच्या उकडीचे गोळे पाण्यात शिजवायचे, गरम गरम साच्यात घालायचे आणि त्याच्या शेवया पाडून नारळाच्या गोड रसाबरोबर खायच्या. एकट्याचं ते काम नाही. एकाने दांड्यावर वजन टाकायचं आणि दुसऱ्याने खाली ताट फिरवत राहायचं. तुम्ही दांड्यावर, आई ताटाशी. गोळा गार झाला की दांडा हलत नाही, त्यामुळे तुम्हा दोघांना मध्ये भांडायलाही फुरसत नसायची. शिरवाळे पाडून झाले, आई गूळ किसायला बसली, आणि तेव्हा तुम्ही शांतपणे सांगितलंत की गूळ नको, ह्यात कोलंबी जाणार आहे.

आईचा तो चेहरा मला आत्ताही दिसतो. शिरवाळ्यांत कोलंबी, नारळाच्या रसात लाल मिरची, आणि वर गवती चहाची जुडी, जी तिच्या मते फक्त चहात नाहीतर तापाच्या काढ्यात घालायची. सणासुदीचा पदार्थ नासवलात, म्हणाली. तुम्ही रस ढवळत सांगत होतात की ह्याला लक्सा म्हणतात, सिंगापूरला सगळे हाच खातात. बंदराजवळ एका झाडाखाली एक म्हातारी बसते, अंगात फुलाफुलांचा ब्लाउज, पुढ्यात तांबडी स्टुलं. तुमचे हात बघूनच तिने ओळखलं की हा माणूस चुलीपाशी राबणारा आहे, आणि तेव्हापासून ती तुम्हाला वाडग्यात दोन कोलंब्या जास्तच घालते. ती गोष्ट ऐकता ऐकता आईने वाटी पुढे केली. मी मात्र शहाणपणा करायला गेले. एक घास खाल्ला आणि म्हटलं, हा तर आपला शेवयांचा रसच आहे, नुसता तिखट. तुम्ही चमचा ठेवलात. 'जा. तिथं जाऊन खा, आणि मग मला शिकव.' तुम्ही फारसे रागवत नसायचात, म्हणून ते मनाला लागलं. पुढे पाहुणे आले की लक्सा, निकाल लागला की लक्सा, आणि प्रत्येक वेळी ती झाडाखालची म्हातारी. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती तोंडपाठ झाली होती. मग एका श्रावणात तुम्ही गेलात आणि साचा माळ्यावर गेला.

मी तिथे गेले, बाबा. सरळ तुमच्याच सिंगापूरला, कंटेनरच्या कंपनीच्या ऑफिसात, संगणकावर जहाजांची ये-जा बघायच्या नोकरीवर. पहिल्याच आठवड्यात लक्सा मागवला. जाड, बुटक्या शेवया, सुरीने तोडल्यासारख्या, नुसत्या चमच्याने खायच्या. तळलेलं टोफू, शिंपल्यांचं मांस, आणि सगळ्याच्या वर सुक्या जवळ्याचा सणसणीत वास, कारण ते लोक जवळा कुटून त्याची गोळी रश्श्यात घालतात. तुमच्या लक्सात जवळा नव्हता. मला वाटलं, चुकीच्या टपरीवर आले. मग दुसरी, तिसरी, बंदराच्या बाजूची, स्टेशनाखालची. सगळीकडे जवळा, सगळीकडे जाड शेवया. चांगलाच होता तो, लोक रांगा लावून खात होते. पण मी पहिल्या चमच्यालाच 'हा नाही' म्हणायची आणि उठायची.

टपऱ्या संपल्या तेव्हा मी कॅफेंची दारं उघडायला लागले. ऑफिसातली माझी मैत्रीण तिथलीच, तिनेच मला पहिल्यांदा नेलं. रविवारी सकाळी अकराला, न्याहारी उलटून गेलेली आणि जेवण अजून लांब, अशा वेळी सगळं शहर सजूनधजून खायला निघतं. त्याला ब्रंच म्हणतात. आईला फोनवर समजावलं तर म्हणाली, उशिरा उठणाऱ्यांच्या न्याहारीला काय नाव द्यायचं ते देऊ देत. जुन्या दुकानांच्या चाळी रंगवून केलेले कॅफे, पांढऱ्या भिंती, खुर्च्या मुद्दाम एकीसारखी दुसरी नसलेल्या, आणि तिथले तरुण आचारी आपल्या आज्यांचे पदार्थ नव्या थाटात मांडणारे. नारळ-अंड्याचा तो मुरंबा, काया, टपरीवर भाजक्या पावाला लोण्याबरोबर लावून देतात. इथे पावाचा जाड काप अंड्यात भिजवून परतायचा, मध्ये काया आणि डोक्यावर आइस्क्रीम. तिखट-गोड रश्श्यातली कुर्ली घ्या, तिचं मांस सोडवून ते कच्च्यापक्क्या अंड्यावर ओतलेलं. नारळाच्या दुधातल्या भाताची मूद बोराएवढी आणि भोवती पाल्याचं रान. मी नाक मुरडायची, आणि पुढच्या रविवारी आणखी एक नवं दार उघडायची. मला वाटायचं, इतका सगळा बदल चालला आहे, तर फिरता फिरता कुणीतरी बदलत बदलत तुमच्यापर्यंत येऊन पोचेल.

मधल्या एका सुट्टीत रत्नागिरीला आले तेव्हा तुमच्या जहाजावरचे, इंजिनाचं तेलपाणी बघणारे ऑइलमन काका भेटायला आले होते, देवरुखहून, मुद्दाम. आई चहा करायला आत गेली आणि मी त्यांना विचारलं की ती झाडाखालची म्हातारी बंदराच्या कुठल्या अंगाला बसायची. 'तुझा बापूस कधी खाली उतरला नाय गो,' ते म्हणाले. 'आमी उतरायचो. हा जेवणाच्या मागं. आमी वर आलो का इचारायचा, काय खाल्लात, लाल व्हता का पिवळा, कोलंबी सोललेली का सालासकट. मी आपला सांगायचो, नारळ व्हता, शेवया व्हत्या. माका कुठं येवडा ध्यानात ऱ्हायला.' जहाज धक्क्याला लागलं की माल चढवायची घाई, नाहीतर मग दूर समुद्रात नांगरलेलं, आणि रोजच्या पंगतीला माणसं तेवढीच. कुकाला सुट्टी कोण देणार. काका हे सगळं सहज सांगत होते, जणू मला माहीतच असणार. आतून आईच्या कपबशांचा आवाज आला आणि मी त्यांना हात जोडून खूण केली की गप्प बसा. मला तुमचा राग आला नाही, हे आधी सांगते. मला जहाजाच्या त्या स्वयंपाकघराच्या, गॅलीच्या खिडकीचं वाईट वाटलं. रोज त्या किनाऱ्याचे दिवे दिसायचे आणि तुम्ही कांदा चिरत असायचात.

आणि त्याच संध्याकाळी आईने जाहीर केलं की तिला सिंगापूरला यायचं आहे. विमान, उंच इमारती, त्यातलं तिला काही नको होतं. तिला ती म्हातारी बसायची ती जागा बघायची होती आणि तिथला लक्सा खायचा होता. ह्यांनी इतकं सांगितलंय, म्हणाली, मला तिथं गेल्यावर वाटसुद्धा विचारायला लागायची नाही. त्यानंतरचे माझे रविवार कसे गेले ते काय सांगू. आता मला तो लक्सा सापडायलाच हवा होता. म्हातारी नसली तर वारली म्हणता येईल, झाड तोडलं म्हणता येईल, पण चवीला सबब नाही. आईने चमचा तोंडात घातला आणि तिला ते वेगळं लागलं, तर तुमची सगळी गोष्टच तिच्या हातातून जाईल, ह्या धास्तीने मी शहरभर खात सुटले.

आणि सापडला, बाबा. एका कॅफेत, लक्सा पास्ता म्हणून. शेवया तांदळाच्या, बारीक. रस दाट, जवळ्याचा मागमूस नाही, तिखट बेताचं आणि गवती चहा पुरेपूर. मी काटा खाली ठेवून डोळे मिटून घेतले. समोर मैत्रीण. तिने एक घास घेतला आणि हसून म्हणाली की हा काही लक्सा नव्हे, ज्याने कधी लक्सा खाल्ला नाही अशा कुणीतरी केलेला दिसतो. मी तिच्यावर अशी तुटून पडले की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. कुणी काय खाल्लंय आणि काय नाही हे तुला काय माहीत, असलं काहीतरी बोलले. ती बिचारी गोंधळून गेली. नंतर मी तिची माफी मागितली, पण कारण सांगितलं नाही.

आई आली. पहिल्याच रविवारी तिला नवी साडी नेसवून त्या कॅफेत नेलं. तिने काटा बाजूला सारला, चमचा मागून घेतला, दोन घास खाल्ले आणि म्हणाली, बरं आहे, आपल्या रसात कुणी मिरची टाकली तर असंच लागेल. मग पाव चांगला आहे म्हणाली आणि पाव खात बसली. मी थंडगार. दुसऱ्या दिवशी पाऊस लागला होता, लांब जाता येईना, म्हणून मी राहते त्या इमारतीखालच्या फूड सेंटरात जेवायला उतरलो. आईने शेजारच्या माणसाच्या वाडग्याकडे बोट दाखवलं. तोच साधा लक्सा, जाड तुटक्या शेवयांचा, जवळ्याचा, जो मी पहिल्या आठवड्यापासून नाकारत आले होते. मी नको नको म्हणत होते, पण तिने घेतलाच. एक चमचा खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि तिचे डोळे भरून आले. 'अगो, हाच की तो,' ती म्हणाली. 'अगदी अस्साच करायचे. काय एक फरक नाय.' मग वाडगं देणाऱ्या बाईकडे बघत विचारलं, हीच का ती? मी म्हटलं, तिची मुलगी असेल. आईने त्या बाईला तिथूनच हात जोडले. उरलेले दिवस ती मजेत होती. इकडे परत आल्यापासून ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते आहे की ह्यांची म्हातारी गेली, पण मुलीने हाताची चव राखली आहे.

मला काही ते सोडवेना. आज सकाळी उठून मी मिरकरवाड्यावर गेले, कोलंबी आणली, माळ्यावरून साचा काढून धुतला. निघण्याआधी एकदा तुमचा खरा लक्सा करायचा आणि तिच्यापुढे ठेवायचा, म्हणजे तिला कळेल की फरक किती आहे. दांडा मी दाबला, ताट आईने फिरवलं, काही न विचारता. रस चुलीवर चढवला, मिरची घातली, गवती चहाची जुडी बांधून सोडली. उकळी यायच्या आत चमचा जिभेला लावला, आणि पुढे काय ते कळेना. मीठ हवं की नको, रस दाट हवा की सैल, गवती चहा काढायचा की राहू द्यायचा. हे ठरवायला काहीतरी आठवावं लागतं. मला तुमचा गुडघ्यावर बांधलेला पट्टा आठवत होता, आईच्या हातातली गुळाची ढेप आठवत होती, तुम्ही चमचा ठेवलात तो आवाजसुद्धा. चव नव्हती. कितीतरी वेळ मी तो चमचा हातात धरून चुलीपुढे उभी होते. इतकी वर्षं प्रत्येक टेबलावरून 'हा नाही' म्हणत उठले, ते कशाशी ताडून?

शेवटी अंदाजाने मीठ घातलं आणि पातेलं उतरवलं. आई जेवायला बसली. एक घास खाऊन मान वर न करता तिने विचारलं, 'जमला का गो, त्यांच्यासारखा?'

'अगदी त्यांच्यासारखा,' मी म्हटलं.

ती बरं म्हणाली आणि सावकाश जेवत राहिली. तिथे पावसात, फूड सेंटरात, तिनेही असंच म्हटलं असेल का, हे मी तिला कधी विचारणार नाही. हा कागद इथे ठेवला तर तिच्या हाती लागेल आणि बरोबर नेला तर मी तो पुन्हा पुन्हा उघडीन, म्हणून आंघोळीच्या पाण्याखालच्या जाळात घालते. बाबा, तुमच्या लक्साची चव मला आठवत नाही. कधीपासून, तेही सांगता येत नाही.