पंखा बंद करून शिवलेली वाकळ

सुमन,

मेघाला मुलगी झाली. काल दोघी दवाखान्यातून घरी आल्या, आणि पोरगी आत्ता तुझ्या जांभळ्या साडीच्या वाकळेवर झोपली आहे. ती वाकळ मी शिवली. तू हसशील म्हणून आधीच सांगतो, एका कडेला ती वाकडी झाली आहे. पण शिवता शिवता तुझ्याबद्दल असं काही कळलं, की तुला विचारल्याशिवाय राहवेना. म्हणून लिहायला बसलो.

तू दिवाळीनंतर गेलीस. चैत्रात मेघा बाळंतपणाला माहेरी आली. माहेर म्हणजे आता मी, आणि भिंतीपलीकडच्या शेवंतावहिनी. आल्या आल्या तिनं तुझी ट्रंक उघडली.

"बाबा, बाळाला आईच्या साड्यांची वाकळ पाहिजे. दुकानातलं काही नको."

"शिवणार कोण?"

तिनं पोटाकडं बोट दाखवलं. "मला खाली वाकता येतंय का?"

यंदा ऊन कसं पडलं म्हणून सांगू? राजारामपुरीतली दुकानं दुपारी अर्धं शटर ओढून गप बसायची. आपल्या पत्र्याखाली तर माणूस तव्यावरच्या भाकरीसारखं भाजून निघत होतं. अशा दुपारी मी जमिनीवर तुझी साडी पसरली, वर जुन्या परकरांचे, उशीच्या अभ्र्यांचे तुकडे मांडले आणि पंखा लावला. सगळे तुकडे उडून कोपऱ्यात गेले. पुन्हा मांडले, पुन्हा उडाले.

तेव्हा कुठं मला उमगलं. इतकी वर्षं मी छापखान्यातून घामानं भिजून जेवायला यायचो, आणि तू वाकळ पसरून, पंखा बंद करून बसलेली असायचीस. मी म्हणायचो, लाव की पंखा. तू म्हणायचीस, थांबा जरा. मला वाटायचं, तुला त्याचा आवाज सोसत नसेल. मी फणकाऱ्यानं ताट उचलून बाहेर उंबऱ्यावर जाऊन बसायचो. खरं कारण एकदाही का सांगितलं नाहीस गं?

मी उठून पंखा बंद केला. मेघा कॉटवर बसून वर्तमानपत्रानं वारा घेत होती.

वरच्या थराला जांभळी साडी घ्यायची ठरली. ती लांबीला जास्त होती, कापायला हवी होती. मी कात्री घेतली, ठेवली, पाणी पिऊन आलो, पुन्हा घेतली. हात पुढं जाईना. शेवटी मेघानंच ती मागून घेतली आणि बसल्या जागेवरून कापली. कापताना तिचे डोळे वाहत होते, पण हात सरळ चालला होता. तुझाच हात तो.

मी मधोमध सुई घातली आणि शिवत सुटलो. दोन-तीन दुपारी झाल्या तसे मधे कापडाचे ढीग उठले आणि कडा आत ओढल्या गेल्या. शेवंतावहिनी डोकावल्या. वय झालंय, काठी टेकत येतात, पण नजर अजून घारीची आहे.

"भावजी, ही वाकळ हाय का गाठोडं?"

"चुकलं काय माझं?"

"मधनं कुणी सुरवात करतंय व्हय? कडंनं शिवत आत यायचं असतं. उसवा सगळं."

उसवलं. त्या काठी बाजूला ठेवून समोर बसल्या आणि रोज दुपारी येऊ लागल्या. मी कडेनं धावदोरा घालायचो, त्या हातानं कापड दाबून धरायच्या. एकदा मी सहज म्हणालो, "सुमन असती तर चार दिवसांत झाली असती. माहेराहूनच शिकून आली होती."

वहिनी माझ्याकडं बघतच राहिल्या. "कोण म्हणालं तुम्हास्नी?"

"माझी आई म्हणायची. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सुमननं केवढी सुंदर वाकळ शिवली होती."

"ती मी शिवलीया, भावजी."

मेघाचा वारा घालणारा हात थांबला.

मग वहिनींनी सगळं सांगितलं. तुला बघायला आलो होतो तेव्हा आईनं विचारलं होतं, वाकळ शिवता येती का? तू काही बोलायच्या आत तुझे वडील व्हय म्हणाले होते. आणि तुला सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता. आई सकाळी भाजी घेऊन मंडईला गेली, की तू भिंतीवरून कापडं पलीकडं द्यायचीस. वहिनी शिवायच्या आणि आई यायच्या आत परत द्यायच्या. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तू शिकलीस, ते वेगळं.

सुमन, ती वाकळ मी किती वर्षं पांघरली. पाहुण्यांना उलगडून दाखवायचो. तेव्हा तू स्वयंपाकघरात जाऊन हसायचीस का? की कुणी ओळखेल म्हणून धास्तावायचीस? आणि माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही, की कळूनही ती गप्प राहिली? तुला काय वाटतं?

पण मला त्याहून वेगळंच कुतूहल लागलं. मी वहिनींना विचारलं, "शिवत नव्हती, तर माहेरी मुरगूडला उन्हाळाभर ही करायची काय?"

"पवायची," वहिनी म्हणाल्या. "मळ्यातल्या हिरीत. पोरांच्या बरोबरीनं वरनं मुटका मारायची, म्हणं. पाणी पार काठापतोर उडायचं."

"आमची सुमन?"

"मग कुणाची? तुम्हास्नी सांगितलं न्हाई तिनं?"

"न्हाई."

"इचारलं हुतं का कवा?"

मेघा हसायला लागली. पोट धरून हसली आणि हसता हसता म्हणाली, "बाबा, मला पण माहीत नव्हतं."

तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढं तूच आहेस, पण मी कधी न पाहिलेली. गुडघे पोटाशी घेऊन हवेत असलेली. तेव्हा परकर नेसायचीस की भावाची चड्डी घालायचीस? ओरडत उडी मारायचीस की गुपचूप? पहिल्यांदा कुणी ढकललं होतं का? लग्न ठरल्यावर शेवटची पोहलीस, तेव्हा ही शेवटची हे तुला माहीत होतं का?

बारसं झालं की मी मुरगूडला जाणार आहे. शब्द देतो तुला. तुझ्या भावाला, दत्तूला घेऊन मळ्यात जाईन आणि म्हणेन, तुझी बहीण कुठून उडी मारायची ती जागा दाखव. मग तिथं काठावर बसून तो सांगेल ते सगळं ऐकून घेईन. मधे एक शब्द बोलणार नाही.

तुझा,
वसंत