उकिरड्यावरचं वर्तुळ

बुधवार संध्याकाळ, सांगली

आज प्रयोगशाळेतल्या प्लेटवर जिवाणूंच्या एका ठिपक्याभोवती स्वच्छ वर्तुळ दिसलं. तिथली बुळबुळ त्यांनी खाऊन टाकली! शिळ्या उसाच्या रसातली हीच बुळबुळ आमच्या गुऱ्हाळात गूळ घट्ट होऊ देत नाही. मागे घरी तिची बरणी भरून ठेवली, तर आईने नासलं म्हणून उकिरड्यावर ओतली. केवढी भांडले! मग चिडून तिथलीच माती उचलून प्रयोगशाळेत आणली. हे वर्तुळ त्या मातीतलं. नखाएवढंच आहे, पण आहे.

आता यांचं बुळबुळ पचवणारं एन्झाइम तापलेल्या रसातही टिकेल असं घडवायचं. जमेल मला? की पुण्याच्या कंपनीला उद्या नोकरीसाठी होकार कळवून मोकळी होऊ?

आईला फोनवर सगळं सांगितलं. म्हणाली, "कशाला जातीस पुण्याला? हितं आजून लय काय नासलंय. वतू का?"